मग तू काय शिकलास, बाबा?

दिवाळीच्या शनिवारी आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती. इंग्लंडात दिवाळी कोणत्याही वारी आली तरी ती शनिवारीच साजरी होते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जेवणं उरकली, सगळे चिवड्याच्या डब्याभोवती बसले, बाहेर लीड्सचा नेहमीचा रिपरिप पाऊस, आणि विषय निघाला सिगारेटच्या कायद्याचा.

ज्यांनी बातम्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये तंबाखू विकायचीच नाही, असं हे विधेयक. तो अठराचा झाला तरी नाही, चाळिशीचा झाला तरी नाही, त्याला नातवंडं झाली तरी नाही. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरच्या पक्ष अधिवेशनात ही कल्पना जाहीर केली. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, ३८३ विरुद्ध ६७ अशा मतांनी ती पहिल्या टप्प्यातून पुढे गेली, मग निवडणूक लागली आणि सगळं बारगळलं. सुनक गेले, मजूर पक्ष आला, त्यांनी तेच विधेयक नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणलं. मार्च २०२५ मध्ये कॉमन्सने मंजूर करून ते वरच्या सभागृहाकडे, लॉर्ड्सकडे पाठवलं. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचं इतकं एकमत मी इथे क्वचित पाहिलंय. ओढणाऱ्याला यात काहीही शिक्षा नाही, शिक्षा विकणाऱ्याला. ही गोष्ट आमच्या निम्म्या पाहुण्यांना ठाऊक नव्हती. मत मात्र प्रत्येकाला होतं.

आमच्या घरात ही रेघ बरोबर मधून जाते. मुलगी २००६ ची, मुलगा फेब्रुवारी २००९ चा. म्हणजे उद्या तिला वाटलं तर ती दुकानात जाऊन पाकीट मागू शकेल, आणि तो म्हातारपणीसुद्धा मागू शकणार नाही. एकाच आईबापाची पोरं, एकाच ताटातली.

आमच्यात कोथरूडचे एक गृहस्थ आहेत, ते नेहमीप्रमाणे तापले. "उद्या वडापाव विकताना जन्मतारीख विचारतील!" एक मैत्रीण जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, आहे. ती म्हणाली, "वडापावने माझ्या पेशंटचे पाय नाही कापावे लागत." आणि मी? मी कोथरूडकरांच्या बाजूने बोललो, तेही जोरात. म्हणालो, "पोरांना चुका करू द्या की. आम्ही केल्या, त्यातून शिकलो, सुधारलो. सगळंच सरकारने कडीकुलपात ठेवलं तर माणूस शहाणा व्हायचा कधी?" बरं वाटलं बोलून. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मुलगा रिकाम्या वाट्या उचलत होता. तो थांबला आणि त्याच्या त्या यॉर्कशायरी मराठीत म्हणाला, "मग तू काय शिकलास, बाबा? स्मोकिंगमधून?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. खरोखरच विचारत होता. मी म्हणालो, "धूर वर जातो, हे शिकलो." सगळे हसले, तोही हसला आणि वाट्या घेऊन आत गेला. विषय पुढे भारत-ऑस्ट्रेलिया मॅचवर घसरला. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी निपाणीचा. ज्यांना निपाणी ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांना नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की आमच्या गावाला पुणे-बंगळूर रस्त्यावरून येताना गाव दिसायच्या आधी वास यायचा. विडीच्या तंबाखूचा. वखारीच वखारी. मी सहा वर्षांचा असताना, १९८१ साली, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे हजारो शेतकरी बैलगाड्या घेऊन हायवेवर बसले. आठवडेच्या आठवडे रस्ता बंद. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या लहानपणी तंबाखू हा शब्द व्यसन म्हणून नव्हताच. तंबाखू म्हणजे भाव, पाऊस, वखार आणि पगार.

आमचे वडील, आप्पा, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. आजी त्याच्या आधी वखारीत चाळणीवर जायची. नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर तंबाखू चाळायची, आणि संध्याकाळी घरी आली की आम्हाला जवळ घ्यायच्या आधी परसात जाऊन पदर झटकायची. तो झटकतानाचा फट्‌फट् आवाज आणि त्यामागून तिचा खोकला, हा आमच्या घरातला दिवेलागणीचा आवाज. आजीने आयुष्यात विडी ओढली नाही. मिश्री लावायची, पण ती गल्लीतल्या सगळ्याच बायका लावायच्या, त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. ती म्हणायची, "त्या रानाला कुंपान लागत न्हाई बघ. ढोरंबी तोंड लावत न्हाईत. मानसंच तेवढी शानी." असं म्हणून मिश्रीची डबी उघडायची.

माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा तंबाखूच्याच पैशातून गेली. हे लपवून या विषयावर लिहिणं बरं दिसणार नाही.

आता माझ्या चुकांकडे येतो. कॉलेजमध्ये मी दोन चुका एकाच वर्षी केल्या. पहिली, १९९४ साली मी वायडी झालो. आजच्या पोरांसाठी: वायडी म्हणजे इयर डाऊन, केट्या (नापास झालेले विषय) इतक्या साठल्या की पुढच्या वर्गात बसायला मनाई. माझा जीव घेतला एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने. लाप्लास नावाच्या माणसाने माझं काय नुकसान केलंय हे ज्यांनी तो पेपर दिलाय त्यांनाच कळेल. निकालाच्या दिवशी आप्पांना पेढीवर फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे तराजूवर पोती टाकल्याचे आवाज येत होते. मग म्हणाले, "ये घरी. जेवायला ये."

त्या वर्षातून मी शिकलो. खरंच शिकलो. कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहिलो, सकाळी सातला उठायची सवय लागली, ज्या मित्रांबरोबर नुसतं हिंडत होतो ते आपोआप गळाले, आणि एम-थ्री पुढच्या खेपेला त्रेपन्न मार्कांनी सुटला. आजही कुठलं काम अंगावर येऊन पडलं की मला ते वर्ष आठवतं आणि धीर येतो. चुकीतून शिकणं म्हणजे काय, हे मला विचारलं तर मी वायडीचं उदाहरण देईन.

दुसरी चूक त्याच वर्षातली. कॉलेज नाही, लेक्चर नाही, दिवसभर करायचं काय? कॉटबेसिसच्या खाली पानपट्टी होती. चहा पलीकडे, सिगारेट अलीकडे. पहिली कुणी दिली ते आठवत नाही. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि लाकडी बाकाची कडा धरून बसलो, ते आठवतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. का गेलो? याचं उत्तर मला एकतीस वर्षांत सापडलेलं नाही. महिन्याभरात दिवसाला चार छोट्या फिल्टर, सुट्ट्या. पानपट्टीवाल्याकडे उधारीची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, दोरीने खिळ्याला टांगलेली. त्यात माझं एक पान होतं. एम-थ्रीच्या वहीपेक्षा त्या वहीत माझं नाव जास्त नियमित लिहिलं गेलं. त्याने माझं वय कधी विचारलं नाही. तसा कायदाही तेव्हा देशभर नव्हता. अठराच्या खालच्याला विकू नये असा देशव्यापी कायदा आला २००३ साली, आणि तोवर मी इकडे यायच्या तयारीत होतो.

आणि शिकलो काय? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता मी प्रामाणिकपणे आठवायला लागलो. पेरूची पानं चावली की तोंडाचा वास जातो, हे शिकलो. नुसती बडीशेप पुरत नाही, उलट आईला लगेच संशय येतो, हेही शिकलो. सुट्टीला गावी गेलो की एसटीतून उतरल्यावर शर्ट बदलायला शिकलो. त्यासाठी स्टँडवरची मुतारी वापरायचो, त्या वासापुढे सिगारेटचा वास काय टिकणार. बोटांचे पिवळे डाग लिंबाने जातात. वाऱ्यात काडी विझू न देता ओंजळीत कशी धरायची. "माझी नाही, मित्राची आहे" हे वाक्य डोळे न हलवता कसं म्हणायचं. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, पण यादी एवढ्यावरच संपते. वायडीने मला अभ्यास शिकवला आणि सिगारेटने खोटं बोलणं शिकवलं, ते सुद्धा आईशी.

आता कोथरूडकर म्हणतील, "पण सोडलीस ना? मग तेच शिकणं." इथेच तर माझी गोची आहे.

मी २००३ साली इंग्लंडात आलो. तेव्हा वीसचं पाकीट साडेचार पौंडांच्या आसपास मिळायचं, आज पंधराच्या वर गेलंय. ऑफिसखालच्या पबमध्ये शुक्रवारी संध्याकाळी इतका धूर असायचा की समोरचा माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. मला अगदी गावच्या वखारीत आल्यासारखं वाटे. मग १ जुलै २००७ आला आणि इंग्लंडभर बंदिस्त जागेत ओढणं बंद झालं. आमच्या ऑफिसने मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, पत्र्याचं छप्पर घालून दिलं. तीन बाजू उघड्या. लीड्सचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. नोव्हेंबरमध्ये दुपारी चारला अंधार, हातमोजा काढावा तर बोटं गारठतात, घालावा तर सिगारेट धरता येत नाही, आणि शेजारी कॅन्टीनच्या उरल्यासुरल्या माशांचा वास. एकदा मी तिथे उभा राहून मोजलं. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली, कार्ड दाखवून बाहेर, ओढणं, परत वर. सोळा मिनिटं. दिवसातून सात वेळा.

मी सिगारेट सोडली ती शहाणपण आलं म्हणून नाही. पावसामुळे. पावसात उभं राहायला लावणाऱ्या कायद्यामुळे. मुलगी झाली तेव्हा सोडतो म्हणालो, सोडली नाही. मुलगा झाला तेव्हा शपथ घेतली, अकरा दिवस टिकली. सहा वेळा सोडून झाली. शेवटी आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे जीपीच्या दवाखान्यातल्या, नर्सकडे गेलो. तिने एक चपटं यंत्र दिलं, म्हणाली, श्वास रोखून ठेव, मग यात फुंक. आकडा आला बावीस. तुझ्या श्वासात एवढा कार्बन मोनॉक्साइड आहे, म्हणाली, गाडीच्या धुरातला असतो तो. उपदेश अजिबात केला नाही. एकवीस मिलिग्रॅमचे पॅच दिले, मग चौदाचे, मग सातचे. दर आठवड्याला यंत्रात फुंकायचं. आकडा चारवर आला तेव्हा तिने मला लहान मुलाला द्यावा तसा स्टिकर दिला. मार्च २०१० ची गोष्ट. मी पस्तीस वर्षांचा होतो. तो स्टिकर अजून पाकिटात आहे, लायसन्सच्या मागे.

पस्तीस हा आकडा मी मुद्दाम सांगतोय. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का आणि किती ओढता. मग ते डॉक्टर कधी आणि कशाने गेले याची नोंद पुढची पन्नास वर्षं ठेवली गेली. डॉल स्वतः ओढायचे. याच्या आधीच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या पाहणीचे आकडे समोर आल्यावर त्यांनी सोडली. २००४ साली पन्नास वर्षांचा हिशोब छापून आला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ती दहा वर्षं जवळपास सगळी परत मिळतात. चाळिसाव्याला सोडली तर नऊ, पन्नासाव्याला सहा, साठाव्याला तीन.

हे मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कोथरूडकरांचं उत्तर पाच मिनिटांत: "बघा! तिशीपर्यंत सूट आहे. करू द्या चूक, सोडतील तिशीत." माणूस वकील व्हायला हवा होता. मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग जीपी मैत्रिणीने लिहिलं, की तो तक्ता तिशीत सोडू शकलेल्यांचा आहे, तिशीत सोडायचं ठरवलेल्यांचा नाही. पत्राला उत्तर देणारे सगळे डॉक्टर होते. फुप्फुसाचे रोगी रोज समोर बसायचे त्यांच्या. तरी कित्येक जण ओढतच राहिले. शहाणपणाने सुटत असती तर पहिल्यांदा त्यांची सुटली असती.

त्यावर कोथरूडकरांनी क्रिकेटचा एक व्हिडिओ टाकला. म्हणजे हरले.

पण माझं मत म्हणून पूर्ण फिरलंय असंही नाही. जन्मतारखेची ही रेघ मला अजूनही खटकते. २०५० सालचं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा. दोन टकले गृहस्थ काउंटरवर उभे आहेत. एक ३१ डिसेंबर २००८ चा, एक १ जानेवारी २००९ चा. पहिल्याला पाकीट, दुसऱ्याला "सॉरी, सर". आमच्या कोपऱ्यावरचे दुकानदार नवसारीचे काका आहेत, ते म्हणतात, "भाई, आज पंचवीसच्या खालचा दिसला तर मी आयडी मागतो, तरी पोरं शिव्या देतात. उद्या चाळीसच्या माणसाला मागू?" त्यांचा कपाटाचा दरवाजा बंद असतो, पाकिटं दिसत नाहीत, सगळी एकाच शेवाळी रंगाची. मी ओढायचो तेव्हा तीच पाकिटं काउंटरमागे दिवाळीच्या रोषणाईसारखी मांडलेली असत. आता काका ती औषधाच्या बाटलीसारखी काढून देतात. तरीही १९७४ मध्ये इथले पंचेचाळीस टक्के मोठे लोक ओढत होते आणि २०२३ मध्ये बारा टक्केही उरले नाहीत, ते जन्मतारखेची अशी रेघ न ओढता. भाव, पाकिटं, पत्र्याचं छप्पर यांनी काम केलंच की.

बंदीचं दुसरं टोक पाहायला आपल्याला लांब जायला नको. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्री बंद केली, २०१० मध्ये आणखी कडक कायदा आणला, आणि २०११ मध्ये एका बौद्ध भिक्षूला खायच्या तंबाखूच्या पुड्या आणल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. सीमेपलीकडून चोरटा माल येतच राहिला. शेवटी कोविडच्या काळात, चोरट्या मालाबरोबर विषाणू येईल या भीतीने, २०२१ मध्ये बंदी उठवली. आणि आपल्या महाराष्ट्रातली २०१२ ची गुटखाबंदी? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायच्या. कायदा मोडला कुणी? तळहाताने.

म्हणून न्यूझीलंडने जे केलं त्याचं मला फार नवल वाटलं नाही. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये असाच कायदा झाला होता, हीच २००९ ची रेघ, शिवाय सहा हजारांच्या आसपास दुकानांतून सहाशेच ठेवायची होती. सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो लागू व्हायच्या आधीच रद्द झाला. तंबाखूच्या कराचा पैसा हवा होता, हेही नव्या सरकारने फारसं लपवलं नाही. मलेशियानेही विधेयकातला पिढीचा भाग काढून टाकला. मालदीवने मात्र नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी विक्री आणि वापर दोन्ही बंद केलं, पर्यटकांसकट. आमच्या ओळखीचं एक नवीन जोडपं हनिमूनला तिकडे निघालंय. नवरा २००७ च्या बराच आधीचा आहे, एवढाच त्याला दिलासा.

हे सगळं मी मनात उलटसुलट करत होतो, आणि मध्येच मला सप्टेंबरमधली एक गोष्ट आठवली. पाहुण्यांसमोर एवढं तावातावाने बोलताना ती मी सोयीस्करपणे विसरलो होतो. मुलाचा शाळेचा ब्लेझर ड्राय-क्लीनिंगला द्यायचा होता म्हणून मी खिसे तपासले. आतल्या खिशात हायलायटर होता. जांभळा, गुळगुळीत. झाकण काढायला गेलो तर झाकण निघेना, आणि वास आला कलिंगडाचा. वापरून फेकायचा व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट. जून २०२५ पासून या देशात तो विकायलाही बंदी आहे. मी बायकोला दाखवला नाही. पोरगं घरी आल्यावर त्याच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवला. त्याने बघितलं, डोळे अजिबात हलवले नाहीत आणि म्हणाला, "माझा नाही. फ्रेंडचा आहे."

मला हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला. मी त्याला रागावलो नाही. काय म्हणून रागवायचं? त्याने उन्हाळ्यात वाढदिवसाचे ऐंशी पौंड घालून ऑनलाइन बूट मागवले, ते नकली निघाले. तेव्हा मी मध्ये पडलो नव्हतो, म्हटलं, शिकेल. शिकलाही. आता वेबसाइटचे रिव्ह्यू वाचल्याशिवाय मोजेसुद्धा घेत नाही. नकली बुटाचा सोल आठव्या दिवशी सुटून हातात येतो. आजीचा खोकला हातात यायला वखारीतली तीस वर्षं लागली होती.

डिसेंबरमध्ये आम्ही गावी गेलो. दोन वर्षांनी. गाव बदललंय, वासही पूर्वीसारखा येत नाही, रानात ऊस आणि सोयाबीन जास्त. तरी अक्कोळकडे जाताना तंबाखूची काही रानं होती. मुलाने गाडी थांबवायला लावली. उतरून पान हातात धरलं आणि म्हणाला, चिकट आहे. मी सांगितलं, तो चीक बोटांवरून दिवसभर जात नाही. पणजी याच्यात काम करायची, हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्याला कुंपणाचं आजीचं वाक्य सांगितलं. तो वाकून बघायला लागला, खरंच कुंपण आहे का ते.

संध्याकाळी चुलतभावाबरोबर स्टँडसमोर चहाला गेलो. पोरगं बरोबर होतंच. शेजारी पानपट्टी. तिथे पाटी होती, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये ते वय एकवीस केलंय, पण पाटी कोण बदलणार. एक शाळकरी पोरगा पाटीच्या खालीच उभा राहून बापासाठी विड्यांचा बंडल घेत होता. बापासाठीच असेल. मुलाने पाटी हळूहळू वाचली. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि इथे तर वर कन्नडही होतं.

चुलतभावाने दोन मागितल्या. एक स्वतः पेटवली, दुसरी माझ्यापुढे धरली. "सुटलीय माहीत हाय. पण एक. गावात आलास म्हणून."

पंधरा वर्षं नऊ महिने झाले होते. मी मोजत नाही असं सगळ्यांना सांगतो. सिगारेटचं टोक माझ्या दिशेने होतं, न पेटवलेल्या तंबाखूचा तो गोडसर, उबदार वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. अगदी चिंच बघून सुटतं तसं. माझा उजवा हात खिशातून बाहेर आला होता. मी काढला नव्हता, तो आला होता. अंगठा आणि पहिली दोन बोटं जवळ आलेली, धरायला तयार.

मी हात परत खिशात घातला. "नको रे," म्हणालो. चुलतभावाने खांदे उडवले आणि ती कानामागे खोचली.

मुलगा माझ्या हाताकडे बघत होता. खिशाकडे.

"अजून पण?" त्याने विचारलं.

"अजून पण," मी म्हणालो.

त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "तो व्हेप माझा होता."

"माहीत आहे," मी म्हणालो. मग आम्ही एक कांदाभजी मागवली.